मुलगा ‘देखरेखीखाली’ घरी आला आहे; ही देखरेख नेमकी कोण करतो?

खाडीपलीकडचा मास्तर

नमस्कार. मी रत्नागिरी जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो आहे. तालुका आणि गाव मुद्दाम लिहीत नाही. ज्या मुलाविषयी विचारायचे आहे त्याची ओळख उघड होऊ नये, म्हणून उत्तर देणाऱ्यांनीही तर्क लढवू नयेत अशी विनंती आहे.

आमच्या शाळेचा हा माजी विद्यार्थी सोळा वर्षे आणि काही महिन्यांचा आहे. दहावीत त्याचे गणित आणि इंग्रजी राहिले, त्यानंतर तो शाळेकडे फिरकला नाही आणि मिळेल त्या होडीवर मदतनीस म्हणून जाऊ लागला. आई-वडील मुंबईकडे, हा आजीपाशी. जून-जुलैमध्ये मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या असतात आणि अशा मुलांच्या हाताला दोन महिने काही काम नसते. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात दोन सज्ञान तरुणांबरोबर एका होडीचे आउटबोर्ड इंजिन चोरल्याच्या आरोपावरून त्याला ताब्यात घेण्यात आले. बाल न्याय मंडळाने पहिल्याच तारखेला जामीन दिला होता, परंतु आजीला जामीनदार मिळेना, म्हणून तो एकवीस दिवस निरीक्षणगृहात, म्हणजे चौकशी चालू असताना मुलांना ठेवतात त्या संस्थेत, राहिला. त्यानंतर परिवीक्षा अधिकाऱ्याच्या (प्रोबेशन ऑफिसरच्या) देखरेखीखाली राहण्याच्या अटीवर तो घरी आला.

आज या गोष्टीला पावणेचार महिने होत आले. या काळात देखरेख करणारे कोणीही घरी आलेले नाही. आजीच्या शेजारणीच्या फोनवर दोन वेळा विचारपूस झाली, एवढेच. आता मला विचारण्यात आले आहे की, ‘योग्य व्यक्ती’ म्हणून मी माझे नाव देईन का. माझी तयारी आहे, पण आपण कशाला हो म्हणत आहोत हे समजून घ्यावे असे वाटते. देखरेख या शब्दाचा कायद्यातील अर्थ काय, ती न झाल्यास दोष कोणाकडे जातो, आणि एकूण व्यवस्थेचा कल मुलांना कोंडण्याकडे आहे की घरी ठेवून सांभाळण्याकडे? वर्तमानपत्रे वाचली तर बालगुन्हेगारी दरवर्षी वाढतेच आहे असे वाटते. ते कितपत खरे मानावे?

अनुरक्षण

गुरुजी, मी तीस वर्षे परिवीक्षा अधिकारी म्हणून काम करून निवृत्त झालो. त्यातली बरीच वर्षे कोकणातच गेली. त्यामुळे तुमच्या प्रश्नातील शेवटच्या भागापासून सुरुवात करतो, कारण आकड्यांची भीती एकदा बाजूला ठेवली की बाकीचे बोलणे सोपे होते.

मी १९८९ साली नोकरीला लागलो तेव्हा १९८६चा केंद्रीय बाल न्याय कायदा नुकताच अंमलात आला होता. त्याआधी आपल्याकडे १९४८चा मुंबई बालक अधिनियम चालत असे. १९८६च्या कायद्यात मुलगा सोळा वर्षांपर्यंत आणि मुलगी अठरा वर्षांपर्यंत बाल समजली जाई. २०००च्या कायद्याने दोघांचेही वय अठरा केले आणि तो एप्रिल २००१पासून लागू झाला. त्याच्या आदल्या वर्षी देशभरात अल्पवयीनांवरील गुन्ह्यांची संख्या साडेनऊ हजारांच्या आत होती, ती एका वर्षात साडेसोळा हजारांवर गेली. त्या वर्षात मुले काही एकाएकी बिघडली नव्हती. सोळा ते अठरा या वयाची जी मुले आदल्या वर्षापर्यंत मोठ्यांच्या तुरुंगात जात, ती आमच्या दारात येऊ लागली. आजही ताब्यात घेतलेल्या चार मुलांपैकी तिघांहून अधिक याच दोन वर्षांच्या वयोगटातील असतात.

अलीकडचे आकडेही सांगतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत २०१६ साली अशी ३५,८४९ प्रकरणे आहेत. २०२० साली २९,७६८. २०२१ साली ३१,१७०. २०२२ साली ३०,५५५ आणि २०२३ साली ३१,३६५. वर्षागणिक थोडे वर, थोडे खाली. दर लाख मुलांमागे हे प्रमाण सातच्या आसपास रेंगाळत आहे. महाराष्ट्र या यादीत वरच्या राज्यांत असतो हे खरे आहे, आणि ‘वाढ’ हा मथळा नेहमी ज्या वर्षी आकडा चढतो त्याच वर्षी छापला जातो हेही खरे आहे.

आता देखरेखीविषयी. आज लागू असलेल्या २०१५च्या बाल न्याय कायद्यात ती दोन ठिकाणी येते आणि लोक या दोन गोष्टींची गल्लत करतात. पहिली जामिनाच्या वेळची, कलम १२ची. मुलाला जामिनावर सोडताना मंडळ त्याला परिवीक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली किंवा योग्य व्यक्तीच्या, म्हणजे त्याला सांभाळण्याची हमी देणाऱ्या माणसाच्या, निगराणीत ठेवू शकते. चौकशी पुरी व्हायची असते, दोष सिद्ध झालेला नसतो. तुमचा विद्यार्थी आज या टप्प्यावर आहे. दुसरी कलम १८ची, म्हणजे मुलाने कृत्य केले असा निष्कर्ष निघाल्यावरची. तेव्हा मंडळासमोर पर्याय असतात: समज देऊन घरी पाठवणे, समुपदेशन, समाजसेवा, दंड, पालकांच्या किंवा योग्य व्यक्तीच्या हाती सोपवून जास्तीत जास्त तीन वर्षांची सद्वर्तनाची परिवीक्षा, आणि अगदी शेवटी विशेष गृह, म्हणजे अशा मुलांना ठेवण्याची संस्था, तेही तीन वर्षांपेक्षा जास्त नाही. हा क्रम हलक्याकडून जडाकडे जाणारा आहे, आणि संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय असावा, असे कलम ३मध्ये तत्त्व म्हणून लिहिलेलेच आहे. तेव्हा कायद्याचा कल विचाराल, तर तो घराकडे आहे. व्यवहाराचा कल मात्र बसच्या वेळापत्रकाकडे असतो, आणि हे मी विनोदाने म्हणत नाही.

माझ्याकडे एके काळी मंडणगडपासून राजापूरपर्यंतची मुले होती. मंडणगडच्या एखाद्या वाडीत जाऊन त्याच दिवशी रत्नागिरीला परत यायचे म्हणजे दिवसभरात एक घर होत असे, पावसाळ्यात तेही नाही. मुलगा पकडला गेल्यावर दोन आठवड्यांत सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा असतो. घर, शाळा, शेजार, मित्र, कुटुंबाचे उत्पन्न, मुलाला काय येते, त्याला कशाची भीती वाटते, हे सगळे त्यात यायला हवे. प्रत्यक्षात अनेक अहवालांत एकच वाक्य असायचे, ‘पालकांचे नियंत्रण नाही’. कोकणातल्या निम्म्या घरांबद्दल हे वाक्य न बघता लिहिता येईल, कारण बाप चाकरमानी, आई कधी इथे कधी तिथे, आणि सांभाळणारी आजी. पण आजीचे नियंत्रण नसते असे कोणी ठरवले? मी पाहिलेल्या सगळ्यात कडक देखरेखी आज्यांच्याच होत्या.

पुढे मी एक युक्ती काढली. घरभेटी गणपतीच्या आणि शिमग्याच्या आठवड्यात ठेवू लागलो. वरिष्ठांना वाटे, हे सणाचे जेवण जेवायला फिरतात. खरे कारण असे की, वर्षभरात बाप भेटण्याची खात्री तेवढीच. त्याच दिवसांत आणखी एक गोष्ट कळायची. परिवीक्षेवरच्या मुलाने पालखीला खांदा द्यायचा नाही, असे एका गावाने ठरवून टाकले होते. मंडळाने त्याला केवळ परिवीक्षेवर घरी सोडले होते, गावाने त्याला त्याहून मोठी शिक्षा दिली. त्या मुलाशी मी वर्षभर जे बोललो, त्याहून अधिक परिणाम पुढल्या वर्षी मानकऱ्यांनी त्याला पालखीपाशी बोलावले त्याचा झाला. हे कुठल्याच प्रपत्रात लिहायची सोय नव्हती.

तुमच्याकडे कोणी आलेले नाही, याचे समर्थन करत नाही. पण ज्याच्या नावावर अनेक तालुके आणि शिवाय संस्थेतील मुले आहेत, त्याची देखरेख फोनवर उतरते, एवढे त्याच्या बाजूने सांगतो.

कुडाळचा वकील

मी सिंधुदुर्गात विधी सेवेच्या यादीवर काम करतो. आधीच्या उत्तराशी सहमत आहे. फक्त मास्तरांच्या मजकुरातील दोन गोष्टींवर थांबणे आवश्यक वाटते.

पहिली गोष्ट त्या एकवीस दिवसांची. सज्ञान आरोपीच्या जामिनाचे नियम इथे लागत नाहीत. गुन्हा कोणताही असो, मुलाला सोडणे हा नियम आहे आणि नाकारण्याची कारणे तीनच आहेत: सुटल्यावर तो ज्ञात गुन्हेगारांच्या संगतीत जाण्याची शक्यता, त्याला नैतिक, शारीरिक वा मानसिक धोका, किंवा सुटकेमुळे न्यायाचा हेतूच विफल होणे. नाकारताना कारणे लेखी द्यावी लागतात. आणि जामीन मंजूर होऊनही अटी पुऱ्या होत नसतील, तर आदेशापासून सात दिवसांच्या आत जमले नाही की मुलाला पुन्हा मंडळासमोर आणून अटी बदलायच्या असतात; कलम १२च्या चौथ्या पोटकलमात हे स्पष्ट आहे. म्हणजे आठव्या दिवशी कोणीतरी उठून ‘आजीच्या हमीपत्रावर सोडा’ एवढे म्हणायला हवे होते. कायद्याने जामीनदाराची सक्तीच केलेली नाही. जामीनदारासह किंवा त्याच्याशिवाय, असे शब्द आहेत. उरलेले चौदा दिवस त्या मुलाने चोरीसाठी काढले नाहीत, आमच्यासारख्यांच्या गैरहजेरीसाठी काढले.

दुसरी गोष्ट मुदतीची. चौकशी पहिल्यांदा हजर केल्यापासून चार महिन्यांत संपवायची असते. मंडळ कारणे नोंदवून आणखी दोन महिने घेऊ शकते. कायद्यात गुन्ह्यांचे तीन वर्ग आहेत: किरकोळ, गंभीर आणि निर्घृण. कमाल शिक्षा तीन वर्षांपर्यंत असेल तर किरकोळ. साधी चोरी या वर्गात बसते. किरकोळ प्रकरणात वाढीव मुदतीनंतरही चौकशी अपुरी राहिली, तर कार्यवाही तिथेच संपुष्टात येते. तेव्हा मास्तरांनी प्रथम कागदावर कोणते कलम लावले आहे ते पाहावे आणि विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मागून घ्यावा. तो मोफत मिळतो. बरोबरच्या दोन सज्ञान तरुणांचा खटला वेगळा चालेल, कारण मुलाची आणि मोठ्यांची कार्यवाही एकत्र चालवता येत नाही. त्यांच्या तारखांसाठी मुलाचे प्रकरण अडवून ठेवण्याचे कारण नाही.

त्या दोघांविषयी एक प्रश्न माझ्या मनात आला. आमच्या बांदा-सावंतवाडी पट्ट्यात गोव्याची दारू आणताना दुचाकीवर मुद्दाम सतरा वर्षांचा मुलगा बसवलेला असतो, कारण ‘त्याला काय होते, दोन दिवसांत सुटेल’ हा हिशेब मोठ्यांनी आधीच केलेला असतो. मुलाकडून मद्य किंवा अमली पदार्थांची ने-आण करवून घेणाऱ्या मोठ्या माणसाला कलम ७८ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. कलम ८३च्या दुसऱ्या भागात बेकायदा कामासाठी मुलांना वापरणाऱ्या कोणाही सज्ञान व्यक्तीला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांचा दंड आहे. ही कलमे लावलेली मला फार क्वचित दिसतात. मुलांच्या गुन्ह्यांचा आलेख काढताना त्यातल्या किती मुलांच्या मागे मोठा माणूस उभा होता, याचा रकाना असायला हवा.

कल कोणत्या दिशेला, या प्रश्नाला दोन बाजू आहेत. डिसेंबर २०१२च्या दिल्लीतील घटनेनंतर लोकक्षोभ झाला आणि २०१५च्या कायद्यात कलम १५ आले: सोळा ते अठरा वयाच्या मुलावर निर्घृण गुन्ह्याचा, म्हणजे किमान सात वर्षे शिक्षा असलेल्या गुन्ह्याचा आरोप असेल, तर प्राथमिक मूल्यांकन करून त्याला बाल न्यायालयाकडे पाठवता येते आणि त्याच्यावर सज्ञानाप्रमाणे खटला चालू शकतो. हे पाऊल कठोरतेकडचे. पण ज्या गुन्ह्याला कमाल शिक्षा सातहून जास्त आणि किमान काहीच नाही, त्याचे काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला, आणि जानेवारी २०२०मध्ये शिल्पा मित्तल प्रकरणात असे गुन्हे ‘गंभीर’च्याच वर्गात धरावेत असे ठरले. पुढे २०२१च्या दुरुस्तीने ते कायद्यात आले. हे पाऊल उलट दिशेचे. आणि पुण्यात मे २०२४मध्ये मोटारीच्या धडकेने दोघांचा जीव गेला, त्या प्रकरणात दोन्ही टोके सव्वा महिन्यात दिसली: प्रथम निबंध लिहिण्याच्या अटीसह जामीन, मग संतापाच्या लाटेत निरीक्षणगृह, आणि २५ जूनला उच्च न्यायालयाने ती स्थानबद्धता बेकायदा ठरवून मुलाला आत्याच्या ताब्यात सोडण्याचा आदेश दिला. त्या घटनेविषयी मत काहीही असो, जामीन दिल्यानंतर लोकांना राग आला म्हणून मुलाला पुन्हा आत ठेवता येत नाही, एवढा मुद्दा त्यातून पक्का झाला. आमच्या मंडणगडच्या किंवा दोडामार्गच्या मुलासाठी उच्च न्यायालयात कोणी जात नाही, ही वेगळी गोष्ट.

मिरकरवाड्याचा बोटवाला

सर्वांचे वाचले. कायदा मुलाच्या बाजूने कसा आहे हे समजले. आता ज्याचे इंजिन जाते त्याचेही ऐका.

माझे दोन वर्षांपूर्वी डिझेलचे कॅन आणि जाळ्याचे शिसे गेले. संशय ज्यांच्यावर होता त्यांतला एक सतरा वर्षांचा होता, आणि तो चौथ्या दिवशी जेट्टीवर माझ्यासमोरून शीळ घालत गेला. आउटबोर्ड इंजिन म्हणजे लहान मच्छीमाराचे वर्षाचे पोट असते. ते कर्जावर घेतलेले असते आणि हंगाम सुरू होताना ते नसेल तर त्याला खलाशी म्हणून दुसऱ्याच्या बोटीवर जावे लागते. त्याच्या नुकसानीचा विचार तुमच्या मंडळात कोणी करतो का? मुलगा घरी सोडा, माझी हरकत नाही. पण घरी सोडल्यावर कोणीच बघत नसेल, तर आम्हाला ते माफी दिल्यासारखेच दिसते. मास्तर स्वतःच लिहीत आहेत की पावणेचार महिन्यांत कोणी आले नाही.

आणखी एक. आमच्या बोटींवर आणि आंब्याच्या बागांत नेपाळची पोरे काम करतात. त्यांतल्या एखाद्याने काही केले तर त्याच्यासाठी आजी कुठून आणायची? तो तर आतच राहतो.

अनुरक्षण

बोटवाले भाऊ, तुमचा राग रास्त आहे आणि तुमचा शेवटचा प्रश्न या चर्चेतला सगळ्यात अवघड आहे, म्हणून त्याचे उत्तर आधी देतो. होय, तो आतच राहतो. एकाच दिवशी, एकाच आंबा बागेतून, एकाच कारणासाठी आणलेल्या दोन मुलांपैकी स्थानिक मुलगा आठवडाभरात घरी जातो आणि परप्रांतीय मुलगा महिनोन्महिने निरीक्षणगृहात राहतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. कायद्याने दोघांना सारखेच धरले आहे. फरक पडतो तो पत्ता, ओळख आणि वयाचा कागद यांमुळे. वयाचा कागद म्हणजे शाळेचा किंवा परीक्षा मंडळाचा दाखला, तो नसेल तर जन्मनोंद, आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय चाचणी. नेपाळच्या डोंगरातल्या शाळेचा दाखला पावसाळ्यात मागवून बघा म्हणजे किती दिवस लागतात ते कळेल. ‘योग्य व्यक्ती’ ही सोय खरे तर अशाच मुलांसाठी फार उपयोगी आहे; एखाद्या बागायतदाराने किंवा बोटमालकाने स्वतःचे नाव दिले आणि मंडळाने खातरजमा केली, तर तो मुलगा बाहेर राहू शकतो. माझ्या नोकरीत असे पुढे येणारे मालक मला दोनच भेटले.

नुकसानीचे म्हणाल, तर मंडळ दंड भरायला लावू शकते. पण तुम्हाला पैशांपेक्षा कोणीतरी बघत आहे याची खात्री हवी आहे, असे तुमच्या लिहिण्यावरून वाटते. तेच मलाही हवे होते. निरीक्षणगृहात तीन आठवडे ठेवल्याने मुलाला धाक बसतो, हा समज मी उराशी बाळगूनच नोकरीला लागलो होतो. त्या तीन आठवड्यांत इंजिन चोरणारा मुलगा त्याच्याहून पुढे गेलेल्या मुलांशेजारी झोपतो आणि बाहेर येताना ओळखी घेऊन येतो. मुंबईत डोंगरीच्या उमरखाडीत मुलांचे गृह एका जुन्या तुरुंगाच्या इमारतीत चालत आले. भिंती तुरुंगाच्या असल्या की आतली माणसेही हळूहळू तशीच वागू लागतात, हे मी बदली कर्मचारी म्हणून काढलेल्या थोड्या दिवसांत पाहिले.

वेंगुर्ला ते मेलबर्न

मी मूळची वेंगुर्ल्याची, गेली बारा वर्षे इथे समाजकार्याच्या क्षेत्रात आहे. इथल्या आकड्यांची एक गोष्ट सांगावीशी वाटते, कारण मोजण्याची पद्धतच वेगळी आहे.

भारतातला अहवाल सांगतो की वर्षभरात किती प्रकरणे नोंदली गेली आणि किती मुले ताब्यात घेतली. ऑस्ट्रेलियन इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ अँड वेल्फेअर ही संस्था दरवर्षी त्याखेरीज आणखी एक प्रश्न विचारते: कुठल्याही सरासरी दिवशी किती मुले देखरेखीखाली आहेत, आणि त्यांतली किती समाजात राहून आणि किती बंदिस्त? २०२२-२३मध्ये हा दैनंदिन आकडा साडेचार हजारांच्या आसपास होता. पाचांतली चार मुले घरी किंवा समाजात राहून देखरेखीखाली होती आणि साधारण एक बंदिस्त. पुढे जाऊन ती असेही सांगते की बंदिस्त मुलांतली बहुतेक, साधारण पाचांतली चार, अजून शिक्षा न झालेली आहेत, म्हणजे निकालाची वाट पाहणारी आहेत. मास्तरांच्या विद्यार्थ्याचे एकवीस दिवस याच रकान्यात बसतात. आपल्याकडे हा रकाना असता तर ते दिवस कुठेतरी दिसले असते.

पण इथले सगळे चांगले आहे असे समजू नका. बहुतेक प्रांतांत दहा वर्षांच्या मुलावर आरोप ठेवता येतो. नॉर्दर्न टेरिटरीने २०२३मध्ये हे वय बारा केले आणि सरकार बदलल्यावर २०२४मध्ये पुन्हा दहावर आणले. देखरेखीखालील मुलांत निम्म्याहून अधिक आदिवासी समाजांची आहेत, जेव्हा त्या वयाच्या लोकसंख्येत त्यांचा वाटा शेकडा सहाच्या आसपास आहे. तुमच्या नेपाळी मुलाविषयी वाचताना मला तेच आठवले. याउलट इंग्लंड-वेल्समध्ये बंदिस्त मुलांची संख्या २००७-०८च्या सुमारास तीन हजारांच्या घरात होती, ती आता पाचशेच्या खाली आली आहे. ती कमी झाली याचे एक मोठे कारण म्हणजे किरकोळ गुन्ह्यांतील मुलांना न्यायालयापर्यंत नेण्याचे प्रमाणच पोलिसांनी घटवले.

कुडाळचा वकील

ताई, तो शेवटचा मुद्दा आपल्याही नियमांत आहे. गुन्हा निर्घृण नसेल आणि मोठ्यांसोबत केलेलाही नसेल तर प्राथमिक माहिती अहवाल (एफआयआर) न नोंदवता पोलिसांनी दैनंदिनीत नोंद करून मुलाची सामाजिक पार्श्वभूमी लिहून मंडळाकडे पाठवायची, असे २०१६च्या आदर्श नियमांत आहे. त्यामुळे ज्या ठाण्यात हा नियम पाळला जातो तिथला आकडा कमी दिसतो आणि जिथे पाळला जात नाही तिथला जास्त. दोन जिल्ह्यांची तुलना करणाऱ्या बातम्या वाचताना मी हे मनात ठेवतो.

प्रलंबित प्रकरणांचेही सांगतो. इंडिया जस्टिस रिपोर्टच्या अभ्यासानुसार ऑक्टोबर २०२३अखेर ३६२ मंडळांपुढील एक लाखाहून थोड्या अधिक प्रकरणांपैकी ५५ टक्के निकालाविना होती. देखरेख कमी पडण्याचे मूळ इथेही आहे. प्रकरण जितके लांबते तितकी जामिनाची देखरेख लांबते, आणि जुनी प्रकरणे निकाली निघाल्याशिवाय अधिकाऱ्याला नव्या घरी जाता येत नाही.

मास्तर, ‘योग्य व्यक्ती’च्या जबाबदारीचे तुम्ही विचारले होते. तुम्ही मुलाच्या गुन्ह्याचे वाटेकरी होत नाही. तुम्ही मंडळाला हमीपत्र देता की मुलाची काळजी घ्याल, त्याला तारखेला हजर ठेवाल आणि तो निघून गेला किंवा त्याला धोका आहे असे दिसले तर कळवाल. मंडळ तुमची आधी खातरजमा करते. झेपत नसेल तर लेखी कळवून बाहेर पडता येते. मुलगा आजीकडेच राहणार असेल, तर तसे आदेशात लिहून घ्या, म्हणजे नंतर ‘तुमच्या घरी का नाही’ असा प्रश्न येणार नाही. आणि पुढेमागे चारित्र्य पडताळणी आली, तर मंडळाने निकाली काढलेल्या प्रकरणाची माहिती त्यासाठी देता येत नाही. हे मुलाला आत्ताच सांगा. पोलीस भरतीचे किंवा बोटीवरच्या परवान्याचे दार कायमचे बंद झाले असे समजून अनेक मुले प्रयत्नच सोडून देतात.

खाडीपलीकडचा मास्तर

सर्वांचे आभार. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण मधल्या बुधवारी मंडळाची तारीख होती.

कलम साध्या चोरीचेच आहे. विधी सेवेतून वकील मिळाले आणि त्यांनी चार महिन्यांच्या मुदतीचा मुद्दा मांडला. मंडळाने पंधरा दिवसांनंतरची तारीख दिली आहे आणि त्या दिवशी निकाल देण्याचा प्रयत्न राहील असे सांगितले. सात दिवसांच्या नियमाविषयी मी विचारले तेव्हा क्षणभर कोणी काही बोलले नाही, मग सदस्य बाईंनी ते लिहून घेतले. माझे नाव योग्य व्यक्ती म्हणून दिले आहे, मुलगा आजीकडेच राहील असे लिहून घेतले आहे. त्याचे वडील एका दिवसाची रजा काढून रात्रीच्या गाडीने आले होते. बाप-लेक मंडळाच्या बाहेरच्या बाकावर तास-दीड तास शेजारी बसले होते, पण त्यांचे बोलणे मात्र फारसे झाले नाही.

बोटवाले भाऊ, तुमच्या लिहिण्यामुळे मी ज्याचे इंजिन गेले त्या गृहस्थांकडे जाऊन आलो. इंजिन पोलिसांना मिळाले आहे, पण मुद्देमाल म्हणून अडकून पडले आहे आणि हंगामाचे तीन महिने त्यांनी भाड्याच्या इंजिनावर काढले. ते सोडवून घेण्यासाठी न्यायालयात अर्ज करता येतो हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. तो अर्ज आता आमचे वकील लिहून देत आहेत. मुलाबद्दल ते काही बोलले नाहीत, आणि मीही विषय काढला नाही.

परिवीक्षा अधिकारी बाईंशी प्रथमच समोरासमोर बोललो. त्यांच्याकडे किती तालुके आहेत हे ऐकल्यावर तक्रार करण्याची इच्छा राहिली नाही. त्यांनी दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एकदा येण्याचे कबूल केले आहे, आणि मधल्या काळात दर रविवारी मी त्यांना चार ओळी पाठवायच्या असे ठरले आहे. दहावीच्या राहिलेल्या दोन विषयांचा अर्ज भरला आहे. गणितात त्याची अडचण भूमितीपेक्षा अपूर्णांकांत आहे, म्हणजे आम्हाला सहावीपासून सुरुवात करावी लागणार आहे.